ठिपक्यांची अक्षरे : शोभेची की कामाची?

एका जुन्या अक्षराला अलीकडे पुन्हा बरे दिवस आले आहेत. त्याच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या असतात, गोलाई नावालाही नसते, आणि एकूण रूप चौकोनी फरश्या जोडून बसवल्यासारखे दिसते. जाहिरातीत, खेळांच्या शीर्षकांत, टी-शर्टवर, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर, कोठेही ते भेटते. ‘संगणक’ हा विषय आला की चित्रकार हेच अक्षर काढून मोकळा होतो. याला पिक्सेल अक्षर म्हणतात. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका.

मला या अक्षराची हौस आहे. परंतु त्याचा जो वापर आज चालतो तो बहुतेक पोशाखासारखा आहे. स्नेहसंमेलनात मावळ्याचा फेटा बांधावा तसे हे अक्षर ‘जुना संगणक’ दाखवण्यासाठी बांधले जाते. मुळात ते जन्मले टंचाईतून आणि हिशेबातून. तो हिशेब समजला तर ते कोठे वापरावे आणि कोठे वापरू नये हे आपोआप कळते. शिवाय आपल्या देवनागरीला हा हिशेब आजही चुकता करायचा आहे. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

आधी हिशेब पाहू. आलेख कागदावर आठ घरे रुंद आणि आठ घरे उंच असा चौकोन घ्या. एकूण ६४ घरे झाली. प्रत्येक घर एकतर काळे किंवा पांढरे, म्हणजे १ किंवा ०. एका ओळीत आठ घरे, म्हणजे आठ द्विमान अंक, म्हणजेच एक बाइट. आठ ओळींचे आठ बाइट. बस्स, एक अक्षर आठ आकड्यांत मावले! उदाहरणार्थ ६०, १०२, १०२, १२६, १०२, १०२, १०२, ० हे आकडे द्विमान पद्धतीत लिहून एकाखाली एक मांडा आणि एकाच्या जागी घर काळे करा. इंग्रजी ‘ए’ उभा राहील. वाचत पुढे जाण्यापूर्वी हे खरोखर करून पाहा, दोन मिनिटांचे काम आहे.

असे ६४ वर्ण साठवायला ५१२ बाइट पुरतात. स्मृती महाग होती त्या काळात ही काटकसर फार मोलाची होती. १९८४-८५ मध्ये भारतात ‘क्लास’ नावाचा शालेय संगणक प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे यंत्र मिळाले. त्यात ‘व्हीडीयू २३’ अशी एक आज्ञा होती. तिच्यापुढे वर्णाचा क्रमांक आणि असेच आठ आकडे दिले की विद्यार्थ्याने स्वतः काढलेले अक्षर पडद्यावर उमटत असे. शाळकरी मुलाला अक्षर घडवण्याची इतकी सोपी संधी नंतरच्या यंत्रांनी क्वचितच दिली असेल.

खेळांच्या यंत्रांत हे अक्षर त्याच्या आधीच आले होते. १९७६ साली अटारीच्या ‘की गेम्स’ या शाखेने ‘क्विझ शो’ नावाचा प्रश्नोत्तरांचा खेळ काढला. त्यातील आठ बाय आठचा वर्णसंच पुढे कितीतरी खेळांत थोड्याफार फरकाने उतरला, आणि जपानच्या नामको कंपनीच्या खेळांमधून जगभर गेला. १९८० सालचा ‘पॅक-मॅन’ तुम्ही निदान ऐकून असाल. त्याचा पडदा २२४ ठिपके रुंद व २८८ ठिपके उंच, म्हणजे बरोबर २८ बाय ३६ चौकोनांचा. त्यातल्या एकेका चौकोनात एकेक अक्षर नेमके बसते. आज या प्रकारचे अक्षर कोणालाही मोफत मिळते. ‘प्रेस स्टार्ट टू पी’ या नावाचा संच याच वंशातला आहे.

या वर्णसंचात एक गंमत आहे. अक्षराच्या उभ्या रेघा दोन ठिपके जाड आहेत आणि आडव्या मात्र एकच ठिपका. हा काही चित्रकाराचा लहरीपणा नव्हे, त्यामागे पदार्थविज्ञान आहे. तेव्हाचे पडदे कॅथोड किरण नलिकेचे असत. इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ आखत जाई. आडवी रेघ काढायची तर झोत एकदा प्रखर झाला की रेघ संपेपर्यंत तसाच राहतो. रेघ ठळक येते. एक ठिपका रुंद उभी रेघ काढायची, तर प्रत्येक ओळीत झोत मायक्रोसेकंदाच्या लहानशा अंशात चढला पाहिजे आणि लगेच उतरला पाहिजे. मंडलाला तेवढी चपळाई नसते. झोत पुरता चढण्याआधीच उतरू लागतो आणि उभी रेघ फिकी पडते. तिला दोन ठिपके दिले की ती सावरते.

त्याच नलिकेमुळे त्या काळी ठिपक्याला कोपरेही नसत. काचेमागचा तो एक लहानसा उजेडाचा डाग असे, कडेला विरत जाणारा. शेजारचे डाग एकमेकांत मिसळत आणि पायऱ्या बोथट होत. आज फलकावर जे काटकोनी, धारदार ‘जुने’ अक्षर आपण बघतो, ते त्या काळच्या प्रेक्षकाला बहुतेक वेळा तसे दिसलेच नव्हते. जुन्या काळाची आठवण म्हणून जे विकले जाते ते बरेचसे आजचेच आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला इतिहास समजू नये.

ही टंचाई काहींनी कलेच्या पातळीवर नेली. अॅपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक १९८४ च्या जानेवारीत बाजारात आला. त्याचा पडदा ५१२ बाय ३४२, म्हणजे १,७५,१०४ ठिपक्यांचा. १०८० बाय २४०० ठिपक्यांच्या आजच्या मोबाइलवर त्याच्या जवळजवळ पंधरापट ठिपके असतात. या यंत्रासाठी अक्षरे व चिन्हे काढली सुझन केअर यांनी. त्यांचे शिक्षण कलेतले होते, संगणकशास्त्रातले नव्हे. चौकटीच्या वहीत घरे भरून त्या चिन्हे काढत. त्यांच्या ‘शिकागो’ या संचात प्रत्येक रेघ आडवी, उभी किंवा ४५ अंशांत तिरपी ठेवण्याकडे कल आहे, कारण त्याच तीन दिशांना पायऱ्या सारख्या पडतात आणि डोळ्यांना खुपत नाहीत. शिवाय ‘आय’ला कमी आणि ‘एम’ला जास्त रुंदी दिलेली आहे, सर्वांना एकच माप नाही. आणखी एक खुबी मला फार आवडते. पडद्यावरचा एखादा पर्याय त्या वेळी चालू नसेल तर तो फिका दाखवायचा असे. काळ्यापांढऱ्या पडद्यावर फिका रंग कोठून आणणार? म्हणून अक्षरातला एकाआड एक ठिपका काढून टाकत. निम्मे ठिपके गेले तरी शिकागोतला शब्द वाचता येई! २००१ साली पहिला आयपॉड आला तेव्हा त्याच्या छोट्या पडद्यावर हेच अक्षर पुन्हा कामाला लावण्यात आले.

त्याच सुमारास, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियात झुझाना लिच्को यांनी मॅकिंटॉशवरच एम्परर, ओकलंड वगैरे ठिपक्यांचे संच तयार केले आणि ‘एमिग्रे’ या नियतकालिकात ते छापायला घेतले. छापण्यासाठी गुळगुळीत अक्षरे उपलब्ध असताना त्यांनी मुद्दाम ही भरड अक्षरे वापरली. यंत्राची मर्यादा लपवण्यापेक्षा तिच्यातूनच रूप काढावे हा त्यांचा बाणा होता. आजच्या फॅशनचे मूळ बरेचसे येथे आहे.

आता वापराकडे वळू. हे अक्षर मोठे आणि थोडके असेल तर शोभते. खेळाचे नाव, गुणफलक, प्रदर्शनाचे शीर्षक, दुरून वाचायचा आकडा, मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने भरायचे नाव या सर्व जागा त्याच्या हक्काच्या आहेत. भरतकामाचा उल्लेख सहज केलेला नाही. जॅकार्ड मागावर विणलेल्या सोलापुरी चादरीवरची नक्षी जवळून पाहा; तिरप्या कडेला त्याच पायऱ्या दिसतील. विणकराने आणि संगणकाने एकच अडचण एकाच रीतीने सोडवली, आणि विणकर फार आधीचा.

पानभर मजकूर मात्र या अक्षरात कधीही लावू नये. वाचताना आपला डोळा एकेका अक्षरावर थांबत बसत नाही, झेपा घेत पुढे जातो. पायऱ्यापायऱ्यांच्या कडा त्या वाटेत खडे टाकतात. शालेय हस्तलिखिताचे मुखपृष्ठ या अक्षरात जरूर करा, आतला लेख नको.

दुसरी चूक मापाची, आणि ती तर छापखान्यातली जाणती माणसेही करतात. आठ ठिपक्यांचे अक्षर १६, २४, ३२ अशा पूर्ण पटीतच मोठे करायचे असते. बाराचे केले तर एका ठिपक्याच्या वाट्याला दीड ठिपका येतो. अर्धा दिवा पेटत नाही! मग यंत्र एक रेघ एका ठिपक्याची व शेजारची दोनची करते, नाहीतर कडेला करडा रंग फासते. दोन्ही प्रकारांत अक्षराचा कणा मोडतो.

आता आपल्या अक्षरांकडे येऊ. शीर्षकांपुरते पाहिले तर हा प्रश्न शोभेचाच आहे. परंतु ठिपक्यांचे अक्षर आपल्याकडे अजून पोटापाण्याच्या कामावर आहे: बसच्या कपाळावरची पाटी, फलाटावरचा दर्शक, दुकानावर सरकत जाणारी लाल ओळ. तेथे दिवे मोजके असतात, आणि एक दिवा म्हणजे एक ठिपका. शब्द चुकीचा दिसला तर माणूस चुकीच्या गाडीत बसतो.

रोमन अक्षर पाच बाय सात, म्हणजे ३५ ठिपक्यांत भागते. तेथेही ‘बी’ आणि ‘८’ यांत नेहमीच्या वळणात फक्त तीन ठिपक्यांचा फरक उरतो, पण भागते. देवनागरीचे तसे नाही. आपले अक्षर तीन मजली आहे. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. मध्ये शिरोरेषेला लटकलेले अंग. खाली उकार, ऊकार आणि मोडलेला पाय. आठ ओळींत हे बसवायचे तर वर दोन, शिरोरेषेला एक, खाली एक, आणि अंगाला उरतात चार. चार ओळींत ‘ब’ काढा. पोटातली तिरपी रेघ घातली की पोट भरून गच्च होते, न घातली की ‘व’ होतो. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक तर डोक्यावरच्या एका गाठीचा आणि शिरोरेषेतल्या लहानशा खंडाचा. तो खंड एका ठिपक्याचा ठेवला तर शेजारच्या दिव्यांच्या उजेडात दुरून बुजून जातो. मग भंडाऱ्याचा ‘मंडारा’ होतो, धारावीची ‘घारावी’ होते. अनुस्वार गळला तर ‘आंबा’ आणि ‘आबा’ यांत भेद राहत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की रोमन अक्षराची चौकट उसनी घेऊन तीत देवनागरी कोंबू नये. चौकट आपल्या लिपीवरून ठरवावी. मी हिशेब केला तो १६ ओळींचा: वर चार, शिरोरेषा एक, अंगाला सात, खाली चार. अंगाला सात ओळी मिळाल्या की ‘ब’चे पोट पाच ओळींचे होते, आत तीन बाय तीनची पोकळी राहते, आणि तिच्यात तिरपी रेघ दोन्ही बाजूंना उजेड-अंधार राखून उभी राहते. यापेक्षा कमी ओळींत भागवणारे कुशल लोक असतील, पण कमी करताना काय गमावले जाते ते त्यांनी अनोळखी शब्दावर तपासावे. ओळखीचा शब्द आपण अंदाजाने वाचतो.

एकेकाळी हे परवडण्यासारखे नव्हते, हे कबूल करायला हवे. सोळा बाय सोळाच्या एका अक्षराला ३२ बाइट लागतात, म्हणजे आठ बाय आठच्या चौपट. शिवाय जोडाक्षरे धरून २५० आकृती मानल्या तर ८,००० बाइट झाले. बीबीसी मायक्रोच्या ‘बी’ नमुन्यात एकूण कार्यस्मृतीच ३२ किलोबाइट होती. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा नुसत्या अक्षरांतच गेला असता. त्यामुळेच आयआयटी कानपूरला ज्याची पायाभरणी झाली आणि पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) ज्याचा विस्तार केला, त्या ‘जिस्ट’ तंत्राचे एक वेगळे कार्डच संगणकात बसवावे लागे. भारतीय लिपींचा भार ते कार्ड वाहत असे.

आज ती अडचण उरलेली नाही. स्मृती स्वस्त आहे. बाजारात पाट्यांसाठी दिव्यांचा जो तयार तुकडा सर्रास मिळतो त्यात ३२ बाय १६ दिवे असतात, म्हणजे सोळा ओळी आयत्याच हाती आहेत. अडते ते अक्षराशी. पुष्कळदा पुस्तकात छापायचे गुळगुळीत अक्षर यंत्राकरवी आक्रसून या दिव्यांवर बसवले जाते. कोणता ठिपका ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे तेथे कोणीही ठरवलेले नसते; अर्ध्याहून जास्त घर झाकले गेले तर दिवा लावा, एवढाच नियम. या नियमाला ‘ध’ची गाठ आणि शिरोरेषेचे जाडे टोक सारखेच. सुझन केअर यांनी वहीत एकेक घर भरले ते उगाच नव्हे. शोभेच्या पिक्सेल अक्षरांनाही हेच लागू आहे. गुळगुळीत देवनागरीवर चौकोनांची चाळणी फिरवून ‘रेट्रो’ म्हणून लावलेली शीर्षके मी पाहतो, तेव्हा त्यांत पायऱ्या दिसतात, अक्षर दिसत नाही.

कोणी म्हणेल, यंत्राला जड जाते तर लिपीच सोपी करा. ही सूचना नवी नाही. एके काळी काही मराठी नियतकालिकांनी ‘इ’ ऐवजी ‘अि’ छापून पाहिले. १९५३ साली लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजव्या बाजूला घ्यावी असे सुचवले होते. टंकलेखन यंत्राची आणि खिळ्यांची सोय हा त्यामागचा एक मोठा विचार होता. पुढे काय झाले? खिळे गेले, टंकलेखन यंत्रे गेली, आणि वेलांटी आहे तेथेच डावीकडे आहे. यंत्राचे आयुष्य काही दशकांचे असते. त्याच्यासाठी लिपीचे अवयव छाटण्याची घाई करू नये.

उलट आपल्या लिपीला या चौकटीत काही फायदेही आहेत, त्यांचा कोणी फारसा विचार केलेला दिसत नाही. ‘त’, ‘न’, ‘प’, ‘स’ यांचा दंड सरळ उभा, म्हणजे पायरी पडण्याचा प्रश्नच नाही. शिरोरेषा आडवी, ती एका ठिपक्यातही ठळक दिसते आणि सबंध शब्दाला एका दोरीत धरते. मात्र त्यासाठी दिव्यांची ओळ सलग हवी. हौशी प्रयोगांत वापरतात त्या दोन ओळींच्या अक्षर-पडद्यात प्रत्येक अक्षराचे पाच बाय आठचे घर वेगळे असते आणि दोन घरांत फट असते. तेथे शिरोरेषा तुटतेच, शिवाय स्वतः घडवलेली आठच अक्षरे एका वेळी ठेवता येतात. मराठीसाठी तो पडदा घेऊ नये. त्यापेक्षा आठ बाय आठ दिव्यांच्या तयार चौकटी दोन थरांत रचाव्यात.

चित्रकलेच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून हा प्रयोग वर्गात करावा असे मला वाटते. खर्च काही नाही. आलेख कागद आणि पेन्सिल एवढेच साहित्य. सोळा ओळी आखा आणि पहिला शब्द घ्या ‘सिंधुदुर्ग’. वेलांटी, अनुस्वार, दोन उकार आणि रफार, सगळे एका शब्दात आले. शिवाय ‘ध’ आहेच. घरे भरून झाली की कागद भिंतीला लावा, आणि ज्याने तो शब्द पाहिलेला नाही अशा दुसऱ्या वर्गातील मित्राला दहा-बारा पावलांवरून वाचायला सांगा. तो जेथे अडखळेल तेथला ठिपका बदला. ‘शिकागो’सारखी एकाआड एक ठिपका काढण्याची कसोटीही लावून पाहा, शिरोरेषेचे काय होते ते बघण्यासारखे आहे.

दुसरा शब्द ‘विद्यार्थ्यांनी’. त्यातले ‘र्थ्यां’ पहिल्या खेपेस साधेल असे मला वाटत नाही. रफार आणि अनुस्वार एकमेकांत शिरून वर एक गोळा होईल. तेव्हा रफाराची कमान तीन ठिपक्यांवर आटोपती घ्या आणि अनुस्वार तिच्या उजवीकडे, मध्ये एक घर रिकामे सोडून ठेवा. कान्याच्या पुढे एक जादा घर खर्च होईल, ते होऊ द्या.